वेगाची तालीम, जोडीदाराच्या साथीने

शहरातील क्रीडांगणांवर संध्याकाळच्या वेळी एक दृश्य हमखास दिसते. जमिनीवर प्लॅस्टिकचे रंगीत शंकू ठराविक अंतराने मांडलेले असतात, शेजारी दोरीची शिडी अंथरलेली असते आणि दहा-बारा वर्षांची मुले रांगेने एकामागून एक त्यांतून धावत असतात. प्रशिक्षकाच्या हाती स्टॉपवॉच असते. महिना-दोन महिन्यांत मुलांची वेळ सुधारते आणि पालकांनाही समाधान वाटते. प्रत्यक्ष स्पर्धेत मात्र अनेकदा निराळेच घडते. शंकूंमधून सर्वांत जलद वाट काढणारा मुलगा खो-खोच्या मैदानात पहिल्या मिनिटातच बाद होतो किंवा कबड्डीत चढाईपटूच्या एका हुलकावणीने जागीच खिळून राहतो.

अशा वेळी ‘स्पर्धेचे दडपण आले’ असा निष्कर्ष काढला जातो. दडपण हे एक कारण असू शकते, पण मूळ कारण बहुतेक वेळा सरावाच्या रचनेत असते. शंकू कुठे आहे, हे मुलाला धावण्यापूर्वीच ठाऊक असते. वळायचे कुठे, किती पावलांनी आणि कोणत्या बाजूला, हे सारे आधीच ठरलेले असते. खेळात यातील एकही गोष्ट ठरलेली नसते. समोरची व्यक्ती काय करते हे पाहून, अर्ध्या क्षणात निर्णय घेऊन शरीर वळवावे लागते. ही सवय लावण्याचा सर्वांत सोपा आणि जवळजवळ बिनखर्चाचा मार्ग म्हणजे जोडीदाराबरोबरचा सराव. मात्र तो विचारपूर्वक घेतला नाही, तर त्यातून दुखापती होऊ शकतात आणि मागे पडणारी मुले मैदानापासून कायमची दुरावू शकतात. म्हणूनच या सरावामागील शास्त्र आणि त्याची पथ्ये दोन्ही समजून घेणे आवश्यक आहे.

वेग वेगळा, चपळाई वेगळी

वेग आणि चपळाई हे शब्द बोलताना एकाच अर्थाने वापरले जातात. क्रीडाशास्त्रात त्यांत स्पष्ट भेद केला जातो. सरळ रेषेत कमीत कमी वेळात अंतर कापणे म्हणजे वेग. ठरलेल्या ठिकाणी वेगाने दिशा बदलणे हे दुसरे कौशल्य. चपळाई ही या दोहोंच्या पुढची पायरी आहे. जेरेमी शेपर्ड आणि वॉरन यंग या अभ्यासकांनी २००६ मध्ये तिची जी व्याख्या मांडली, ती पुढे सर्वत्र आधारभूत मानली गेली. एखाद्या उद्दीपनाला प्रतिसाद म्हणून संपूर्ण शरीराच्या हालचालीचा वेग किंवा दिशा त्वरेने बदलणे म्हणजे चपळाई, असा या व्याख्येचा आशय आहे. त्यातील ‘उद्दीपनाला प्रतिसाद’ हा भाग महत्त्वाचा आहे. शंकूंच्या सरावात नेमका तोच नसतो.

प्रतिसादाला लागणारा वेळ थोडा वाटला तरी निर्णायक असतो. उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिन येथे १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत पार करून विश्वविक्रम केला, तेव्हा पिस्तुलाच्या आवाजाला प्रतिसाद देण्यासाठी त्याला ०.१४६ सेकंद लागले होते. मानवी मज्जासंस्थेला याहून फार लवकर प्रतिसाद देता येत नाही, हे गृहीत धरूनच ०.१ सेकंदाच्या आत निघणाऱ्या धावपटूची सुरुवात सदोष मानली जाते. अर्थात धावपटूला एकाच आवाजाची वाट पाहायची असते आणि त्यावर एकच कृती करायची असते. मैदानी खेळात डावीकडे की उजवीकडे, पुढे की मागे, असे अनेक पर्याय एकाच वेळी समोर असतात. पर्याय वाढले की निर्णयाला लागणारा वेळही वाढतो. अनुभवी खेळाडू हा वेळ वाचवतो तो केवळ पायांच्या ताकदीवर नव्हे. प्रतिस्पर्ध्याची कंबर कुठे वळते आहे, खांदा झुकला का, वजन कोणत्या पायावर आले, या सूचक खुणा त्याला आधीच दिसतात. या खुणा वाचण्याची सवय माणसाला पाहूनच लागते. त्यासाठी समोर माणूस असावा लागतो.

सोबत्याचा मनावर होणारा परिणाम

जोडीदाराचा दुसरा परिणाम मनावर होतो आणि त्याचा अभ्यास बराच जुना आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ट्रिपलेट यांना असे आढळले होते, की सायकलस्वार एकट्याने चालवताना जेवढा वेग गाठतात, त्याहून अधिक वेग ते सोबत कोणी असताना गाठतात. याची पडताळणी करण्यासाठी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्यांनी मुलांना मासेमारीच्या गळाची चकरी फिरवायला सांगितली, कधी एकट्याने तर कधी दुसऱ्या मुलाच्या बरोबरीने. या प्रयोगाचा उल्लेख पुष्कळदा होतो, पण अर्धवट होतो. त्यांनी ज्या चाळीस मुलांचे निष्कर्ष मांडले, त्यांपैकी वीस मुलांची गती सोबतीमुळे वाढली. दहा मुलांवर फारसा परिणाम झाला नाही आणि उरलेल्या दहा मुलांची गती उलट कमी झाली. चुरशीच्या भरात त्यांच्या हालचाली ताठर व विस्कळीत झाल्या होत्या. सव्वाशे वर्षांपूर्वीचा हा आकडा आजच्या प्रशिक्षकांनीही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. सोबत सर्वांनाच पुढे नेते असे नाही. काहींना ती मागेही खेचते.

जर्मन मानसशास्त्रज्ञ ओटो कोहलर यांनी १९२० च्या दशकात बर्लिनमधील नौकानयन क्लबच्या खेळाडूंवर केलेल्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. दोघांनी मिळून वजन उचलायचे आणि एक जण थकला की दोघांचेही काम थांबायचे, अशी अट असताना दुबळा जोडीदार एकट्याने करताना टिकला असता त्याहून अधिक काळ टिकत असे. मात्र हा लाभ दोघांच्या ताकदीत मध्यम अंतर असतानाच सर्वाधिक दिसला. अंतर अगदी थोडे किंवा फार मोठे असेल, तर तो ओसरत असे. जोडी कशी लावावी, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी या निष्कर्षात सापडते.

देशी खेळांत मुरलेली पद्धत

जोडीदार सराव ही परदेशातून आलेली नवी कल्पना आहे, असा समज करून घेण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील देशी खेळ याच तत्त्वावर उभे आहेत. आट्यापाट्यांत पाटीवर उभा असलेला खेळाडू समोरच्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर रेषेवरून सरकतो. आज ‘मिरर ड्रिल’ या नावाने शिकवला जाणारा सराव याहून वेगळा नाही. रुमाल पळवण्याच्या खेळात दोन मुले मधल्या रुमालाभोवती घिरट्या घालतात, एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात आणि हुलकावणी देऊन निसटतात. शिवाशिवी आणि लंगडी यांतही पाठलाग आणि निसटणे हाच गाभा आहे.

कबड्डीत बचावपटू हातात हात गुंफून साखळी करतात, तेव्हा दोघांची पावले एकाच वेळी, एकाच दिशेने पडावी लागतात. एकाचे पाऊल चुकले, तर चढाईपटूला निसटायला जागा मिळते. चढाईच्या तीस सेकंदांत या जोडीला कितीतरी वेळा पुढे-मागे सरकावे लागते आणि योग्य क्षणी झेप घ्यावी लागते.

खो-खोमध्ये तर प्रतिसादाची कसोटी नियमांतच गुंफलेली आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात या खेळाला नियमबद्ध रूप मिळू लागले. पाठलाग करणाऱ्याला एकदा दिशा घेतल्यावर मागे फिरता येत नाही आणि बसलेल्या खेळाडूंच्या मधून पलीकडेही जाता येत नाही. पळणाऱ्याला ही दोन्ही मोकळीक असते. त्यामुळे पाठलाग करणाऱ्याला पायांबरोबरच अंदाजावर विसंबावे लागते. चौरसात बसलेल्या खेळाडूला पाठीवर स्पर्श आणि कानावर ‘खो’ अशी दुहेरी सूचना मिळते आणि त्याच क्षणी उठून पहिली दोन पावले टाकायची असतात. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषक स्पर्धेत भारताच्या पुरुष व महिला संघांनी विजेतेपद पटकावले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. या खेळात घडलेली चपळाई फुटबॉल, बास्केटबॉल, हॉकी किंवा बॅडमिंटन खेळणाऱ्या मुलांनाही उपयोगी पडू शकते, हे शहरी पालकांनी लक्षात घ्यायला हवे.

सरावाचे सहा प्रकार

जोडीदार सरावाचे असंख्य प्रकार असले, तरी शालेय वयासाठी पुढील सहा पुरेसे आहेत. सोप्याकडून अवघडाकडे, हा क्रम पाळणे श्रेयस्कर.

पहिला प्रकार सावलीचा. दहा मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात एक जण पुढे व दुसरा त्याच्या मागे सुमारे दोन मीटर अंतरावर उभा राहतो. पुढचा वेग आणि दिशा बदलत धावतो, मागचा त्याची सावली होतो. सहा ते आठ सेकंदांनी शिट्टी वाजताच दोघांनी थांबायचे. मागच्याला हात पुढे करून पुढच्याच्या पाठीला स्पर्श करता आला, तर तो यशस्वी. आठ-नऊ वर्षांच्या मुलांनाही हा खेळ सहज समजतो.

दुसरा प्रकार आरशाचा. दोघे समोरासमोर, मध्ये दोन मीटर अंतर. पाच-सहा मीटर लांबीच्या रेषेवर एक जण डावी-उजवीकडे सरकतो आणि दुसरा त्याचे प्रतिबिंब होतो. पावले एकमेकांत अडकू नयेत, गुडघे किंचित वाकलेले असावेत आणि नजर समोरच्याच्या कमरेवर असावी. डोके, हात आणि नजर यांनी हुलकावणी देता येते. कमरेने ती देणे कठीण असते. ही एक सूचना नीट रुजली, तरी बचाव करणाऱ्या मुलांत मोठा फरक दिसू लागतो.

तिसरा प्रकार पाठलागाचा. दोघांनी पाठीला पाठ लावून बसणे, पालथे झोपणे किंवा एक गुडघा टेकणे अशा निरनिराळ्या स्थितींतून सुरुवात करायची आणि दहा ते पंधरा मीटर धावायचे. पुढच्याला एक-दोन मीटरची आघाडी द्यावी. मागच्याने त्याला रेषेपूर्वी शिवायचे. आघाडी इतकीच असावी, की निकाल शेवटच्या दोन पावलांपर्यंत अनिश्चित राहील. खो-खोच्या खेळाडूंनी याच सरावात उकिडवे बसून, पाठीवर स्पर्श होताच उठण्याचा भाग जोडावा.

चौथ्या प्रकाराला टेनिसचे दोन जुने चेंडू लागतात. जोडीदार दोन्ही हात खांद्याच्या उंचीवर बाजूला पसरून प्रत्येक हातात एक चेंडू धरतो आणि मनाला येईल तो सोडतो. समोरच्या मुलाने दुसऱ्या टप्प्यापूर्वी तो झेलायचा. सुरुवातीला अंतर दोन मीटर ठेवावे आणि जमू लागले, की अर्ध्या-अर्ध्या पावलाने वाढवावे. पहिले पाऊल कोणत्या पायाने व कोणत्या दिशेला टाकायचे, याचा निर्णय यातून झपाट्याने सुधारतो.

पाचवा प्रकार गुडघास्पर्शाचा. तीन मीटरच्या चौकोनात दोघांनी समोरासमोर उभे राहून, आपला गुडघा वाचवत दुसऱ्याच्या गुडघ्याला हाताने स्पर्श करायचा. दहा सेकंदांचा हा खेळ कबड्डीपटूंसाठी विशेष उपयुक्त आहे. मात्र वाकल्यामुळे डोक्याला डोके आपटण्याचा धोका असतो. म्हणून मान वर आणि एक हात पाठीमागे, हे दोन नियम कटाक्षाने पाळले गेले पाहिजेत.

सहावा प्रकार ओढीचा. कमरेभोवती रुंद पट्टा किंवा मोठा टॉवेल घालून जोडीदार मागून हलका विरोध करतो आणि पुढचा आठ-दहा मीटर धावतो. त्यानंतर तेवढेच अंतर विनाविरोध धावायचे. जमिनीला मागे रेटण्याची जाणीव यातून येते. विरोधामुळे धावण्याची ढब बिघडू लागली, तर तो जास्त झाला असे समजावे. पट्टा अचानक सोडून देण्याचा प्रकार नवख्या मुलांबाबत पूर्णपणे टाळावा. धावण्याची पद्धत पक्की होईपर्यंत हा सराव पुढे ढकलला, तरी काही बिघडत नाही.

थांबता येणे महत्त्वाचे

वेग वाढवण्याच्या उत्साहात एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते, ती म्हणजे थांबणे. दिशा बदलण्यापूर्वी शरीराला वेग आवरावा लागतो आणि गुडघा व घोटा यांच्यावर सर्वाधिक ताण त्याच क्षणी येतो. गुडघ्यातील अस्थिबंध तुटण्याच्या अनेक घटना दुसऱ्या खेळाडूशी टक्कर न होता, केवळ चुकीच्या पद्धतीने थांबताना, वळताना किंवा उडी मारून उतरताना घडतात. किशोरवयीन मुलींना हा धोका मुलांपेक्षा लक्षणीय प्रमाणात अधिक असतो. त्यामुळे मुलींच्या संघांत थांबण्याचे प्रशिक्षण ऐच्छिक मानून चालणार नाही.

त्यासाठीही जोडीदार उपयोगी पडतो. दोघांनी शेजारी-शेजारी धावायचे आणि एकाने ‘थांब’ म्हणताच दुसऱ्याने तीन पावलांत थांबायचे. सांगणाऱ्याने फक्त दोन गोष्टी पाहायच्या. गुडघा आतल्या बाजूला कलतो आहे का आणि पाऊल पडताना मोठा आवाज होतो आहे का? गुडघा पंजाच्या रेषेत असेल आणि पाऊल हलके पडत असेल, तर थांबणे योग्य झाले. मुले एकमेकांच्या चुका मोठ्यांच्या अपेक्षेपेक्षा लवकर ओळखतात आणि दुसऱ्याची चूक ओळखता आली, की स्वतःचीही कळू लागते.

आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाने प्रसारित केलेला ‘फिफा ११ प्लस’ हा सुमारे वीस मिनिटांचा पूर्वतयारीचा कार्यक्रम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. धावता धावता जोडीदाराभोवती फेरी मारणे, उडी घेऊन त्याच्या खांद्याला खांदा भिडवणे, एका पायावर उभे राहून एकमेकांचा तोल हलवून पाहणे, असे जोडीचे व्यायाम त्यात आहेत. नॉर्वेमध्ये १३ ते १७ वर्षे वयाच्या १,८९२ मुलींवर झालेला त्याचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. कार्यक्रम राबवणाऱ्या संघांत एकूण दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळल्या आणि गंभीर दुखापतींचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. हे श्रेय एकट्या जोडीच्या व्यायामांचे नव्हे. ताकद, तोल आणि उतरण्याची पद्धत यांचा एकत्रित परिणाम त्यात आहे. पण चांगल्या सरावाने खेळाडू घडतो तसाच तो वाचतोही, हे यातून दिसते.

जोडी कोणाची कोणाशी?

या सरावाचे यश सर्वाधिक अवलंबून असते ते जोडी लावण्यावर. अनेक ठिकाणी इयत्तेनुसार किंवा रांगेतील क्रमाने जोड्या लावल्या जातात. बारा ते पंधरा या वयोगटात ही पद्धत धोक्याची ठरते. सर्वसाधारणपणे मुलींची उंची बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक झपाट्याने वाढते. त्या काळात वर्षाला आठ-दहा सेंटिमीटरपर्यंत वाढ होऊ शकते. मात्र ती प्रत्येकात एकाच वेळी सुरू होत नाही. त्यामुळे सातवी-आठवीच्या एकाच वर्गात शरीराने मोठा झालेला मुलगा आणि अजून बालपणातच असलेला मुलगा शेजारी बसलेले असतात. वजन, उंची आणि पायांची ताकद यांत एवढी तफावत असताना त्यांची जोडी लावली, तर लहानग्याला दुखापतीची भीती आणि मोठ्याला विनासायास विजयाची सवय, एवढेच हाती लागते.

उशिरा वाढणाऱ्या मुलांचा प्रश्न विशेष गंभीर आहे. ती आज मागे असतात, पण दोन-तीन वर्षांनी बरोबरी साधू शकतात किंवा पुढेही जाऊ शकतात. तोपर्यंत ती मैदानावर टिकली पाहिजेत. दररोज सर्वांसमक्ष हरणारा मुलगा एके दिवशी येईनासा होतो. त्याने खेळ का सोडला, याची नोंद कुठेही होत नाही. ट्रिपलेट यांच्या प्रयोगात सोबतीमुळे मंदावलेली दहा मुले प्रत्येक वर्गात, प्रत्येक संघात असतात.

यावर काही साधे उपाय आहेत. जोड्या उंची, वजन आणि दहा मीटर धावण्याची वेळ पाहून लावाव्यात आणि थोडाच फरक राहील असे पाहावे. एकच जोडी महिनोन्‌महिने न ठेवता दर आठवड्याला बदलावी. कधी थोड्या सरस, कधी बरोबरीच्या, तर कधी थोड्या कच्च्या जोडीदाराबरोबर धावण्याची संधी प्रत्येकाला मिळावी. तफावत अटळ असेल, तर पाठलागात आघाडी वाढवून किंवा आरशात सरकण्याची रेषा आखूड करून ती भरून काढावी. चुरशीने ताठर होणाऱ्या मुलांना आधी सावली व आरसा यांसारखे, जिंकण्या-हरण्यावर भर नसलेले प्रकार द्यावेत. निकालांची यादी फलकावर लावण्याचा मोह टाळावा. जोडीदाराला हरवणे हे सरावाचे उद्दिष्ट नसते. त्याला योग्य आव्हान देणे, हे प्रत्येकाचे कर्तव्य असते आणि ते मुलांना स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

झपाट्याने उंची वाढत असलेल्या मुलांच्या हालचाली काही काळ बेंगरूळ होतात, तोल जातो, आधी जमणारी गोष्ट जमेनाशी होते. याला आळस समजू नये. या काळात गुडघ्याच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाशी दुखू लागल्यास उड्या व तीव्र धावा कमी कराव्यात आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ‘दुखणे अंगावर काढण्याची’ शिकवण वाढत्या वयात घातक ठरते.

किती, केव्हा आणि कुठे?

वेगाचा सराव ताजेपणी करायचा असतो. काही सेकंदांच्या पूर्ण वेगाच्या धावेसाठी स्नायू त्यांच्यातच साठवलेली तात्काळ ऊर्जा वापरतात. हा साठा लवकर संपतो आणि भरून यायला विश्रांती लागते. विश्रांती न देता मुलांना पुन्हा पुन्हा धावायला लावले, तर दम वाढेल, पण वेग वाढणार नाही. पाच-सात सेकंदांच्या प्रत्येक धावेनंतर पाऊण ते एक मिनिट विश्रांती, असे प्रमाण साधारणपणे योग्य ठरते. पूर्वतयारीनंतर लगेच पंधरा-वीस मिनिटे, एका वेळी दोन किंवा तीनच प्रकार, प्रत्येकाच्या चार ते सहा आवृत्त्या आणि आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, तेही लागोपाठ नाहीत, एवढे पुरे असते. पावले जड पडू लागली किंवा मुले वळताना घसरू लागली, की सराव थांबवावा.

मैदान सपाट, खडे-काचा नसलेले आणि कोरडे असावे. सोसायटीच्या आवारातील सिमेंट किंवा गुळगुळीत फरशीवर दिशा बदलण्याचे सराव घेऊ नयेत. एप्रिल-मेच्या उन्हाळी शिबिरांत ते ऊन चढण्यापूर्वीच उरकावेत. दोन जोड्यांमध्ये पुरेशी मोकळी जागा असावी, कारण बहुतेक टकरा स्वतःच्या जोडीदाराशी न होता शेजारच्या जोडीशी होतात.

प्रगती मोजताना केवळ स्टॉपवॉचवर विसंबू नये. आरशाच्या सरावात दहा सेकंदांत समोरचा किती वेळा निसटला, चेंडू किती अंतरावरून झेलता आला, पाठलागात आघाडी किती कमी करावी लागली, या गोष्टी वहीत नोंदवल्या, तर दोन महिन्यांत खरे चित्र समोर येते. जोडीतील मूल चुकीच्या दिशेला पहिले पाऊल टाकणे कमी करू लागले, हे चपळाई वाढल्याचे विश्वसनीय लक्षण होय.

रांगेचा हिशेब

शहरांतील शाळांना पटांगणे अपुरी पडतात आणि शारीरिक शिक्षणाच्या एका तासाला चाळीस-पन्नास मुले असतात, ही अडचण खरी आहे. पण याच अडचणीमुळे जोडीदार सरावाचे महत्त्व वाढते. चाळीस मुले एका रांगेत उभी केली आणि शंकूंमधून एकेकाने आठ सेकंद धावायचे ठरवले, तर वीस मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम चार धावा येतात. उरलेला वेळ रांगेत ढकलाढकली करण्यात जातो. तीच मुले जोड्यांत विभागून आलटून-पालटून मैदानात उतरवली, तर तेवढ्याच वेळात, पुरेशी विश्रांती देऊनही, प्रत्येकाला दहा-बारा धावा मिळू शकतात. संख्या विषम असेल, तर तिघांचा गट करावा. दोघे धावतात, तिसरा पाहतो, चूक सांगतो आणि विश्रांतीही घेतो.

याला महागडी साधने लागत नाहीत, सिंथेटिक मार्गिका लागत नाही. शिट्टी, चुन्याच्या चार रेषा आणि मुलांकडे लक्ष देणारा शिक्षक एवढे पुरते. शंकू आणि शिडी टाकून द्यावेत असे कोणी म्हणणार नाही. पावले टाकण्याची पद्धत शिकवण्यासाठी त्यांचा उपयोग आहेच. पण पद्धत अंगवळणी पडली, की मुलाला माणसासमोर उभे करायला हवे. तासाच्या अखेरीस प्रशिक्षकाने सर्वांत जलद मुलाच्या वेळेबरोबरच आणखी एका गोष्टीची नोंद घ्यावी. गटातील सर्वांत मंद मुलाला आज किती वेळा बरोबरीची झुंज मिळाली? हा आकडा वाढत असेल, तर त्या मैदानावर खेळाडू घडत आहेत, असे खुशाल समजावे.